मांसभक्षक प्राण्यांचे मांस : रूढी, रोग आणि कायदा

मांसाहार करणारा मनुष्य सहसा मांसाहारी प्राण्याचे मांस खात नाही. बोकड, मेंढी, कोंबडी, हरीण, ससा अशा ज्या प्राण्यांची ताटात वर्णी लागते ते बहुतेक गवत, पाला किंवा दाणे यांवर जगणारे असतात. वाघ, बिबट्या, तरस, कोल्हा, खोकड, रानमांजर यांची शिकार मानवाने हजारो वर्षे केली. पण ती भीतीपोटी, गुराढोरांच्या रक्षणासाठी, मानमरातबासाठी अथवा कातड्यासाठी. कातडे घरात आले आणि देह बहुधा रानातच टाकला गेला. जगाच्या पाठीवर थोड्याफार फरकाने हीच रीत आढळते. या रीतीला जे अपवाद आहेत, ते मात्र फार बोलके आहेत.

जानेवारी २०२१ मध्ये केरळ राज्यातील इडुक्की जिल्ह्यात फासा लावून एक बिबट्या मारण्यात आला आणि त्याचे मांस शिजवून खाण्यात आले. वन विभागाने या प्रकरणी पाच जणांना अटक केली. बिबट्याची हत्या हा गुन्हा आहे, हे आज खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. परंतु असे मांस शरीराला अपायकारक आहे काय, असल्यास का, आणि शिजलेल्या मांसालाही कायदा लागू होतो काय, या प्रश्नांची उत्तरे सर्वांपाशी असतातच असे नाही. गावात एखादा कोल्हा वा उदमांजर मेलेले सापडले की हे प्रश्न पुढे येतात आणि ते प्रथम विचारले जातात ते ग्रामसेवकाला, शिक्षकाला किंवा सरपंचाला.

जुन्या ग्रंथांतील विचार

आपल्या धर्मसूत्रांनी आणि स्मृतींनी भक्ष्याभक्ष्याचा विचार बारकाईने केला आहे. पाच नखे असलेल्या प्राण्यांचे मांस त्यांनी निषिद्ध ठरविले आणि साळींदर, घोरपड, ससा, कासव अशा मोजक्यांचा अपवाद केला. मांस खाणारे पक्षीही वर्ज्यच मानले. वाल्मीकिरामायणातील किष्किंधाकांडात बाणाने विद्ध झालेला वाली रामाला याच नियमाची आठवण करून देतो. माझे कातडे पांघरता येत नाही, माझे मांस खाता येत नाही, मग मला मारून तुला काय मिळाले, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. शिकारीची दोन प्रयोजने, कातडे आणि मांस, त्याने एका दमात सांगून टाकली आहेत. ज्या साळींदर, घोरपड, ससा आणि कासवाला स्मृतिकारांनी सूट दिली होती, त्यांनाही आजच्या कायद्याने संरक्षण दिलेले आहे, ही गोष्ट येथेच नमूद केलेली बरी.

याहून उद्बोधक दाखला चरकसंहितेत सापडतो. राजयक्ष्मा म्हणजे क्षयरोग. या रोगात देह झिजत जातो, तेव्हा मांसावर पोसलेल्या प्राण्यांचे मांस दिल्यास रुग्णाचे मांस भरून येईल, अशी त्या काळची उपपत्ती होती. अडचण अशी की रुग्ण ते खाण्यास राजी होत नसे. कळले तर त्याला किळस येई आणि खाल्लेले उलटून पडे. म्हणून संहितेने वैद्याला एक युक्ती सांगितली आहे. खोकड, थोर मुंगूस, मांजर, कोल्ह्याची पिल्ले यांचे मांस सशाचे म्हणून द्यावे; सिंह, अस्वल, तरस, वाघ यांचे मांस हरणाचे म्हणून द्यावे. रुग्णाशी असे खोटे बोलणे आजच्या वैद्यकीय नीतीत बसणार नाही, ते असो. क्षयावर आज खात्रीची औषधे शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळतात, तेव्हा या उपचाराचे आता काही प्रयोजनही उरलेले नाही. पण खुद्द वैद्यकग्रंथाला लपवाछपवी करावी लागावी, इतका या मांसाविषयीचा तिटकारा दोन हजार वर्षांपूर्वीही खोल रुजलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

तिटकारा हे काही शास्त्रीय कारण नव्हे. तो निराधार मात्र नाही.

साखळीच्या शेवटी

गवत हरीण खाते आणि हरणाला वाघ खातो, हे शालेय पुस्तकातील अन्नसाखळीचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. या साखळीत जो जितका वरच्या पायरीवर, त्याच्या शरीरात खालच्या सर्वांनी साठविलेले पदार्थ तितके अधिक एकवटतात. त्यांत पोषक द्रव्ये असतात, तशीच विषेही असतात.

उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या अस्वलाचे यकृत हे याचे नामांकित उदाहरण होय. १५९६-९७ च्या हिवाळ्यात विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीचे जहाज नोव्हाया झेम्ल्या बेटापाशी बर्फात अडकले. किनाऱ्यावर लाकडी घर बांधून त्याच्या सोबत्यांनी कसाबसा हिवाळा काढला. पुढे त्यांनी एका अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले आणि सारे आजारी पडले. तिघांची अवस्था फारच बिकट झाली. बरे होताना त्यांची त्वचा डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. उरलेल्या यकृताचे भांडे जहाजाच्या प्रमुखाने उचलून फेकून दिले, अशी नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे. या प्रकाराचा उलगडा होण्यास जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली. १९४३ साली रोडाल आणि मूर या संशोधकांनी या यकृताचे पृथक्करण केले, तेव्हा त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १३ हजार ते १८ हजार एकके ‘अ’ जीवनसत्त्व आढळले. प्रौढ माणसाची दिवसाची गरज सुमारे तीन हजार एककांची असते. म्हणजे चिमूटभर यकृतात चार ते सहा दिवसांची मात्रा आणि एका जेवणात काही वर्षांची! समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून मासा, माशापासून सील आणि सीलपासून अस्वल असा या जीवनसत्त्वाचा प्रवास होतो. अस्वलाला ते पचते, माणसाला पचत नाही. रातांधळेपणा टाळण्यासाठी लहान मुलांना ज्या ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस आपण मोजून देतो, तेच अतिमात्रेत विष ठरते.

त्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहणारे इन्युइट लोक अस्वलाचे मांस खातात, पण त्याच्या यकृताला हात लावीत नाहीत. जीवनसत्त्वाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून हा नियम ते पाळीत आले आहेत. नव्या काळातील विषांपुढे मात्र ही परंपरागत शहाणीव अपुरी पडली. कारखान्यांतून हवेत आणि पाण्यात मिसळलेली पीसीबीसारखी रसायने वाऱ्याबरोबर आणि सागरप्रवाहांबरोबर ध्रुवप्रदेशात पोचतात आणि तेथील सागरी सस्तन प्राण्यांच्या चरबीत साठतात. १९८० च्या दशकात कॅनडातील उत्तर क्वेबेकच्या इन्युइट मातांचे दूध तपासले असता, त्यात या रसायनांचे प्रमाण दक्षिणेकडील मातांच्या दुधाच्या सुमारे पाचपट आढळून आले. ज्यांच्या देशात एकही रासायनिक कारखाना नव्हता, त्यांच्या पदरी हा भार आला.

डोळ्यांना न दिसणारी अळी

यकृत टाळता येते, चरबी काढून टाकता येते. परंतु मांसातच दडलेल्या धोक्याचे काय? मांसभक्षक प्राण्यांच्या स्नायूंत ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकणाऱ्या जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाच्या वेळी स्नायूत खडीसारखे बारीक कण दिसले. कुतूहलाने त्याने ते भिंगाखाली धरले, तेव्हा प्रत्येक कणात वेटोळे घालून बसलेली एक अळी आढळली. या अळीमुळे माणूस दगावू शकतो, हे १८६० मध्ये झेंकर या जर्मन वैद्याने दाखवून दिले.

या कृमीचा जीवनक्रम सरळ आहे. अळी असलेले मांस पोटात गेले की जठररसाने तिचे वेष्टन विरघळते. आतड्यात ती पूर्ण वाढते आणि तिची मादी नव्या अळ्यांना जन्म देते. या अळ्या रक्तावाटे शरीरभर पसरतात आणि स्नायूंत घर करतात. रुग्णाला आधी मळमळ व जुलाब होतात. आठपंधरा दिवसांनी ताप, असह्य अंगदुखी आणि डोळ्यांभोवती सूज ही लक्षणे दिसू लागतात. अळी हृदयापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोचल्यास प्राणावर बेतते. एका प्राण्याचे मांस दुसऱ्याने खाल्ल्याखेरीज ही साखळी पुढे सरकत नाही. म्हणून गवत खाणाऱ्या हरणात ही अळी क्वचितच सापडते, तर अस्वल, लांडगा, कोल्हा, रानडुक्कर यांच्यात ती नांदते. मांसाहारी प्राण्याविषयीच्या तिटकाऱ्याला जर कोठे भक्कम आधार असेल, तर तो येथे आहे.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात एका कुटुंबाचे नऊ जण एकत्र जमले होते. त्यांच्यापैकी एकाने कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांतात काळ्या अस्वलाची शिकार केली होती. मांस ४५ दिवस शीतकपाटात गोठवून ठेवले होते. तेवढ्याने जंतू मरतात, असा त्यांचा समज होता. मांसाचे तुकडे भाज्यांबरोबर सळईवर भाजण्यात आले. अस्वलाचे मांस मुळातच काळपट असल्याने ते कच्चे राहिले आहे, हे रंगावरून कोणाच्या ध्यानात आले नाही. काही घास खाल्ल्यावर शंका आली, म्हणून ते पुन्हा भाजले. पण व्हायचे ते होऊन गेले होते. नऊपैकी सहा जणांना रोग जडला. त्यांतील दोघांनी मांसाला स्पर्शही केला नव्हता, मांसाबरोबर भाजलेल्या भाज्याच तेवढ्या खाल्ल्या होत्या. त्या शीतकपाटातील उरलेले मांस पुढे तपासले, तेव्हा शंभराहून अधिक दिवस गोठलेल्या अवस्थेत राहूनही त्यातील अळ्या जिवंत होत्या.

पाळीव डुकराच्या मांसातील अळी पुरेसे दिवस गोठवल्यास मरते. उत्तरेकडील थंड प्रदेशातील वन्य प्राण्यांत आढळणारी तिची भगिनी जाती मात्र गोठणे सहज सहन करते. मीठ लावणे, धुरी देणे, वाळविणे हे उपायही भरवशाचे नाहीत. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोचेल असे शिजविणे, हाच एक खात्रीचा उपाय आहे.

याच रोगाच्या बाबतीत उत्तर क्वेबेकच्या नुनाविक प्रदेशाने जो मार्ग काढला, तो लोकसहभागाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तेथील इन्युइट लोकांच्या आहारात वॉलरस या अवाढव्य सागरी प्राण्याला महत्त्वाचे स्थान आहे. त्याचे मांस ते कच्चे अथवा आंबवून खातात. वॉलरस मुख्यतः शिंपल्यांवर जगतो, पण प्रसंगी सीलही फस्त करतो. त्यामुळे त्याच्या मांसातही ट्रिकिनेलाच्या अळ्या असू शकतात. मांस खाऊ नका, असा हुकूम काढणे सरकारला सोपे होते आणि तो कोणी पाळला नसता, हेही तितकेच खरे. १९९० च्या दशकापासून तेथे निराळी पद्धत रूढ झाली. शिकारी प्रत्येक वॉलरसच्या जिभेचा नमुना कुजुआक येथील प्रयोगशाळेला पाठवितात. जिभेच्या स्नायूत अळ्यांची दाटी अधिक असते, म्हणून जीभ. प्रयोगशाळेत तो तुकडा जठररसासारख्या द्रावणात विरघळविला जातो आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. निकाल येईपर्यंत गावात मांसाचे वाटप होत नाही, आणि अळी आढळल्यास त्या प्राण्याचे मांस वाटपातून वगळले जाते. चालीरीत तशीच राहिली, फक्त शिकार आणि जेवण यांच्या मध्ये एक तपासणी आली.

फर आणि मांस

उत्तर अमेरिकेतील बीव्हर, मस्करॅट यांसारख्या मऊ केसांच्या प्राण्यांची शिकार फरसाठी होई. फर व्यापाऱ्याकडे जाई, मांस शिकाऱ्याच्या हंडीत. हे दोन्ही प्राणी प्रामुख्याने वनस्पतींवर जगणारे असल्याने वर सांगितलेले धोके त्यांच्यात कमी.

पण निर्धोक मांस लोक आवडीने खातीलच, असेही नाही. लुइझियाना राज्यात १९३० च्या दशकात फरसाठी दक्षिण अमेरिकेतून न्यूट्रिया हा घुशीसारखा दिसणारा मोठा प्राणी आणला गेला. पुढे तो मोकळा सुटला आणि किनाऱ्यावरील दलदलीत त्याची बेसुमार वाढ झाली. १९८० च्या दशकात फरचे भाव कोसळले, फासेपारधी घरी बसले आणि न्यूट्रियाने दलदलीतील गवत मुळासकट खाऊन जमीन उघडी पाडली. तेव्हा राज्य शासनाने त्याचे मांस लोकप्रिय करण्याची मोहीम काढली. नामांकित आचाऱ्यांनी पाककृती तयार केल्या, मांस पौष्टिक आणि कमी चरबीचे असल्याचे सांगण्यात आले. लोकांनी ते काही स्वीकारले नाही. लांब शेपटीचा उंदीर डोळ्यांपुढून जाईना. अखेर २००२ पासून शासनाने मांसाचा नाद सोडला आणि आणून दिलेल्या प्रत्येक शेपटीमागे चार डॉलर देण्यास सुरुवात केली. पुढे हा दर पाच आणि नंतर सहा डॉलर झाला. ही योजना चालली. प्रचारसाहित्य तयार करणाऱ्यांनी या अनुभवाची नोंद घ्यावी अशी आहे.

चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात याच्या नेमके उलट घडले. तेथे उदमांजराचे मांस हिवाळ्यातील उंची पक्वान्न मानले जाई आणि बाजारात जिवंत उदमांजरे पिंजऱ्यांत दाटीने ठेवलेली असत. नोव्हेंबर २००२ मध्ये या प्रांतात सार्स हा श्वसनाचा नवा रोग उद्भवला. तो २९ देशांत व प्रदेशांत पसरला; ८,०९६ लोकांना त्याची लागण झाली आणि ७७४ दगावले. सुरुवातीच्या रुग्णांत स्वयंपाकी आणि प्राण्यांच्या व्यापारातील माणसे बरीच होती. मे २००३ मध्ये शेन्झेनच्या बाजारातील उदमांजरांत तोच विषाणू सापडला. जानेवारी २००४ मध्ये ग्वांगझौच्या एका उपाहारगृहात वाढप्याचे काम करणाऱ्या स्त्रीला लागण झाली. तेथे पिंजऱ्यात उदमांजरे ठेवलेली होती. त्या महिन्यात सुमारे दहा हजार उदमांजरे मारण्याचा आदेश निघाला. विषाणूचे मूळ घर वटवाघुळांत असल्याचे नंतरच्या संशोधनातून निष्पन्न झाले. धोका शिजलेल्या घासापेक्षा जिवंत प्राणी हाताळण्यात, कापण्यात आणि सोलण्यात अधिक होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कोविडच्या साथीनंतर, २४ फेब्रुवारी २०२० रोजी, चीनने भूचर वन्य प्राण्यांचे मांस खाण्यावर सर्वत्र बंदी घातली. मिंक, कोल्हा, रॅकून डॉग यांचे पालन फरसाठी करता येते. त्यांचे मांस मात्र विकता येत नाही.

आपल्याकडील परिस्थिती

महाराष्ट्रात उदमांजर अपरिचित नाही. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात आणि माडावर किंवा घराच्या माळ्यावर त्याचा वावर नित्याचा आहे. कोल्हा गावाच्या शिवेवर असतोच. मुंबईसारख्या शहरातील खारफुटीतही तो टिकून आहे. २०२४ च्या अखेरीस चेंबूर-ट्रॉम्बे भागातील कोल्ह्यांत रेबीजची लागण आढळली, तेव्हा हा प्राणी घराच्या किती जवळ आहे, हे शहरवासीयांना समजले. रेबीजचा विषाणू शिजविण्याने मरतो. पण मेलेल्या प्राण्याची लाळ, मेंदू किंवा मज्जा हाताच्या जखमेला लागली तर सोलणाऱ्याचा घात होऊ शकतो. व्हिएतनाममध्ये आजारी वा अपघातात मेलेले कुत्रे-मांजर खाण्यासाठी कापणाऱ्यांना रेबीज झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहेत. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

औषध म्हणून खाल्ल्या वा लावल्या जाणाऱ्या पदार्थांचा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट आहे. अस्वलाची चरबी, घोरपडीचे तेल यांनी सांधेदुखी जाते, असा समज आजही प्रचलित आहे आणि आठवडी बाजारांत अशा वस्तू विकण्याचे प्रकार घडतात. यातील कायद्याची बाजू पुरेशी माहीत नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘मांस’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तीत रक्त, हाडे, स्नायुबंध, अंडी, कवच आणि चरबी या सर्वांचा समावेश होतो, आणि मांस कच्चे असो वा शिजविलेले, त्याने काही फरक पडत नाही. म्हणजे बाटलीतील चरबीही मांसच आणि पातेल्यातील रस्साही मांसच. २०२२ साली या अधिनियमात सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. वाघ, बिबट्या, अस्वल, घोरपड यांसारखे पहिल्या अनुसूचीतील प्राणी किंवा त्यांचे मांस यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फासा लावणे हीदेखील शिकारच समजली जाते, मग त्यात प्राणी सापडो वा न सापडो.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. रस्त्यावर वाहनाखाली सापडलेला किंवा विहिरीत पडून मेलेला वन्य प्राणी ही बेवारस वस्तू नसते, ती शासनाची मालमत्ता असते. ‘आम्ही मारला नाही, मेलेला मिळाला’ हा खुलासा मांस वाटून घेण्यास पुरत नाही. ज्याच्या ताब्यात असा प्राणी वा त्याचा कोणताही भाग येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत वन अधिकाऱ्याला कळवावयाचे असते आणि मागणी होताच तो त्यांच्या स्वाधीन करावयाचा असतो. तोवर मृत देहाला उघड्या हाताने कोणी शिवू नये आणि गावातील कुत्री त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत, एवढी व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी.